अर्थ सांग, नाहीतर उचल

१

आमच्या घरात एक नियम होता. इंग्रजी अक्षरांच्या खेळात पटावर शब्द मांडला, की त्याचा अर्थ सांगायचा. सांगता आला नाही तर अक्षरं मुकाट्याने उचलायची, मग तो शब्द शब्दकोशात असो की नसो. आणि समोरच्याला शंका आली, तर तो म्हणायचा, "दाखव." मग ती वस्तू घरातून शोधून आणायची, नाहीतर चित्र काढायचं, नाहीतर नक्कल करून दाखवायची. खोक्यावर छापलेल्या नियमांत असलं काही नव्हतं. हे आईचं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची आणि पोपटपंचीची तिला मनापासून चीड होती.

तिचा जीव छोट्या शब्दांवर. लांबलचक शब्द कुणीही पाठ करतो, खरी गंमत दोन-तीन अक्षरांत आहे, असं ती म्हणायची. ऑर्ट म्हणजे जेवण झाल्यावर ताटात उरलेलं उष्टं. झॅक्स म्हणजे छपराच्या दगडी फरश्या छाटायची कुऱ्हाड. एफ्ट, पाण्याकाठी राहणारा पालीसारखा जीव. निम, चोरणं. आय म्हणजे एक आळशी प्राणी, दिवसभर झाडाला उलटा लटकतो. हा शब्द मांडला की ती हमखास माझ्याकडे बघायची. एकदा मी चिडून "दाखव" म्हणालो, तर तिने शेजारणीला बोलावून सोफ्यावर लोळत पडलेला मी दाखवला होता.

मी त्या खेळात अगदीच ढ. मला शब्द दिसायचेच नाहीत, नुसती अक्षरं दिसायची. पुढे मी चष्म्याचं दुकान टाकलं आणि दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावू लागलो, तेव्हा आई म्हणाली की पोराने बरोबर धंदा निवडला, याला अर्थाशी काही देणंघेणं नाही. तिने मला एक टोपणनाव ठेवलं होतं, ढ पोराला शोभेल असंच. शाळेच्या मैदानावर, माझ्या लग्नात, दुकानात गिऱ्हाइकांसमोर, कुठेही ती मला त्याच नावाने हाक मारायची. मी पन्नाशीला आलो तरी तिने ते सोडलं नाही.

ते नाव इथे लिहायला हवं. तूर्त जागा सोडून पुढे जातो, शेवटी भरेन.

२

आईचे शब्द जायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रोज तिच्याशी खेळा. थांबणार नाही, पण जेवढं रेटता येईल तेवढं रेटा." एवढंच माझ्या हातात होतं, आणि ते मी सोडलं नाही. दुपारी दुकान बंद करून घरी यायचं, जेवायचं, आणि आईच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर पट मांडायचा. दिवसभर तिच्याजवळ मावशी असायच्या, तिला सांभाळायला ठेवलेल्या. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत, तिची यायची वेळ संध्याकाळची.

गंमत अशी, की आईला साधे शब्द सापडेनासे झाले होते, पण ते विचित्र छोटे शब्द जागच्या जागी होते. उशीला काय म्हणतात ते आठवायचं नाही, पण झॅक्स मांडायची आणि अर्थही सांगायची, तुटक का होईना. मला त्याचं समाधान वाटायचं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझ्याकडे काड्यांची अख्खी पिशवी होती. पिशवी खरंच होती, जुन्या पडद्याच्या कापडाची, तोंडाला नाडी ओवलेली. तिच्यात खेळाची लाकडी अक्षरं.

एके दुपारी पाहिलं, तर टेबलावर अक्षरं लावून ठेवायच्या पट्ट्या तीन. आम्ही दोघं, म्हणजे पट्ट्या दोन. तिसरी भिंतीकडच्या खुर्चीसमोर, अक्षरांचं तोंड त्या खुर्चीकडे. त्या खुर्चीवर कायम धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा. तो कुणीतरी उचलून पलंगावर नीट रचून ठेवला होता.

"मावशी, ही पट्टी कुणी काढली?"

"आजींनीच काढली असेल. सकाळी खेळत बसतात ना त्या."

"कुणाशी?"

"कुणाशी म्हणजे? एकट्याच." मावशी धुतलेल्या कपड्याची घडी घालता घालता थांबल्या. "पण दादा, एकट्या म्हणावं तर मध्येच गप्प बसतात बघा. दुसऱ्याची पाळी असल्यासारख्या."

मी पट्टी उचलून खोक्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच होती. म्हाताऱ्या माणसाला एखादी गोष्ट हवी असते तर असू दे, असं म्हणून मी ते कानामागे टाकलं.

३

त्यानंतर लवकरच आईने तीन अक्षरं मांडली. एन, यू, व्ही.

"नुव," ती म्हणाली.

"नुव म्हणजे?"

"माणूस उठून गेला, की त्याच्या खुर्चीत थोडा वेळ बसून राहतं ना, ते."

मी आधी शब्दाकडे लक्षच दिलं नाही. कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडून एक अख्खं वाक्य आलं होतं, न अडखळता, वर्गात फळ्याकडे पाठ करून बोलायची तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मग शब्दकोश काढला. आमच्याकडे तिचाच होता, पानं सुटत आलेला. त्यात नुव नव्हता.

"आई, असा शब्द नाही गं."

"आहे," ती म्हणाली. "अर्थ सांगितला ना मी."

नियमाप्रमाणे तिचं बरोबर होतं. मी गुण मांडले. संध्याकाळी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तू पण ना. इतक्या दिवसांनी त्या बोलल्या, आणि तू शब्दकोश काय काढतोस? पेपर तपासतोयस का?"

मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी जेवताना आईने चमचा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढे धरला.

"चमचा," मी म्हणालो. "म्हण, चमचा."

"तो नाही माझ्याकडे आता. दिला मी तो."

"कुणाला दिलास?"

तिने आपल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि घास तोंडात घातला.

४

त्या खेळात एक सोय असते. आपल्या वाट्याला वाईट अक्षरं आली, तर "बदली" म्हणायचं, ती पिशवीत टाकायची, दुसरी घ्यायची आणि आपली पाळी सोडायची. आईने जन्मात कधी बदली घेतली नव्हती. जे हातात आलं त्यात भागवायचं, हा तिचा बाणा. आता ती रोज बदली घेत होती. पिशवीत हात घालून बराच वेळ ठेवायची, भाव करत असल्यासारखी. हात बाहेर काढला की नवा शब्द मांडायची, आणि त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरातली एखादी साधी गोष्ट तिच्यापुरती बिननावाची व्हायची. खिडकी गेली. साबण गेला. माझ्या वडिलांच्या फोटोकडे बघून तिला काहीच म्हणता येईना.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "वस्तूंची नावं आधी जातात. हे अपेक्षितच आहे."

"पण तिला नवे शब्द येतायत डॉक्टर. अर्थासकट."

"मेंदू रिकाम्या जागा भरतो. तुम्ही घाबरू नका, फक्त त्यात फार गुंतू नका."

मी शास्त्राला मानणारा माणूस. दिसत नाही म्हणणाऱ्याला मी आधी काच पुसून देतो, मग नंबर तपासतो. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं आणि घरी येईपर्यंत मला पुरलं. घरी आलो तर आईने यिल मांडला होता.

"म्हणजे काय गं?"

"दाराशी येऊन उभं राहायचं. कुणी ये म्हणेपर्यंत आत यायचं नाही."

"आणि म्हटलं का कुणी ये?" मी थट्टेने विचारलं.

"मी म्हटलं. घरी आलेल्याला काय दारात उभं ठेवायचं?"

मी उठून चहा करायला गेलो. खरं तर मला तिथून उठायचं होतं. पाणी उकळत होतं आणि आईच्या खोलीतून पिशवीचा आवाज येत होता. लाकडी अक्षरं कापडात चाळवल्याचा तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो. मी दारातून डोकावलो. आईने सकाळच्या चहाचा रिकामा कप दोन्ही हातांत धरला होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती. पिशवी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होती. तिचं कापड अजून हलत होतं.

पंखा चालू होता. पंख्याने कापड हलतं. मी स्वतःला तसं सांगितलं, मग पंखा बंद केला आणि पुन्हा बघायला थांबलो नाही.

तेव्हाच मी खेळ बंद करायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. मी केलाही. पट, पिशवी, पट्ट्या, सगळं माळ्यावर टाकलं. आई दोन दिवस एक अक्षर बोलली नाही, जेवलीही नाही, नुसती त्या खुर्चीकडे बघत राहिली. बायको म्हणाली, "काढ बाबा तो खेळ. निदान बोलतात तरी." काढला. आई पहिल्याच पाळीला म्हणाली, "बदली."

५

आठवड्याच्या मध्यावर कधीतरी मी दुपारी घरी आलो. आईच्या खोलीत शिरलो, तशी ती खुर्चीत सावरून बसली आणि पदर नीट केला.

"या," ती म्हणाली. "बसा ना. कुणाकडे आलात?"

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"आई, मी आहे गं."

"हो का," आई म्हणाली. आवाज अगदी गोड, पालकसभेला आलेल्या अनोळखी बापाशी बोलावं तसा. "तुम्ही चहा घेणार का?"

तिने मला आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. चिडली तरी अरे, लाडात आली तरी अरे, आणि त्याच्यापुढे ते नाव. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि विचारलं, "तू मला काय हाक मारायचीस? सांग ना." ती विचारात पडली. ओठ जुळवले, सोडले. मग ओशाळून हसली.

"होतं एक काहीतरी," ती म्हणाली. "चांगलं होतं. दिलं बहुतेक मी ते."

मी दुकानात परत गेलो नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडलो. माणूस आईला मुकतो ते ती गेल्यावर, असं मला वाटायचं. ती समोर बसून चहा विचारत असताना असं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

६

दुकानाच्या सुट्टीचा दिवस. बायको कामावर, मावशींना मी लवकर घरी पाठवलं. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, समोरच्या गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं. मी आणि आई टेबलाशी. तिसरी पट्टी जागेवर. भिंतीकडच्या खुर्चीवरची उशी मधोमध दबलेली होती. मी तिच्याकडे फार बघत नव्हतो.

आईने शब्द मांडला. ओ, एस, के.

"ओस्क," ती म्हणाली.

"अर्थ सांग."

"आपण पिशवीत हात घालायच्या आधीपासून तिथे असतो तो हात."

इथे मी शहाण्यासारखं गप्प बसायला हवं होतं. गुण मांडायचे आणि पट आवरायचा. पण माझा संताप झाला होता. तिच्यावर, डॉक्टरांवर, त्या खुर्चीवर. आणि संतापात माणसाच्या तोंडी सवयीचंच येतं.

"दाखव," मी म्हणालो.

आईने दोन्ही हातांनी पिशवी माझ्याकडे सरकवली आणि हात टेबलावर, माझ्यासमोर, पालथे ठेवले. शिक्षिकेची सवय. तुझं तू बघ.

मी नाडी सैल केली आणि मनगटापर्यंत हात घातला. लाकडी अक्षरं लागली, गुळगुळीत, थोडी गार. मी ती चाळवली. तळाशी कापड असायला हवं होतं, तिथे बोटं होती.

आईचे हात माझ्यासमोर होते. माझा डावा हात माझ्या मांडीवर होता. मी दोन्ही पुन्हा पुन्हा बघून घेतले. बोटं थंड नव्हती, ओली नव्हती, त्यांनी मला धरलंही नाही. हात उताणा होता, काहीतरी घ्यायला पुढे केलेला असतो तसा, आणि तो वाट बघत होता. फारच सभ्यपणे वाट बघत होता.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी हात काढू शकलो असतो. पण त्या क्षणी मला एकच सुचलं, की हिच्याकडून जे गेलं ते इथेच आहे.

"तिची हाक तिला परत दे," मी म्हणालो.  "मला मारायची ती. तेवढीच दे. बदल्यात माझं काहीही घे."

दुकानदार माणूस मी. काहीही, असं मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला म्हटलं नव्हतं.

बोटं एकदाच मिटली, सौदा ठरल्यावर हात मिळवतात तशी. मग हातात नुसती अक्षरं उरली. मी हात बाहेर काढला, तर मुठीत एक कोरी सोंगटी होती, जिच्यावर काही छापलेलं नसतं ती. भिंतीकडच्या खुर्चीवरची उशी हळूहळू फुगून पूर्ववत होत होती. बाहेर गाडी धुणाऱ्याने बादली ओतली. आई खिडकीबाहेर बघत होती.

७

दुसऱ्या दिवशी दुकानात बायकोचा फोन आला. त्या दिवशी तिची रजा होती. हसत होती की रडत होती कळेना.

"अरे, आईंनी तुला हाक मारली. सकाळपासून तुझं नाव घेतायत. थांब, ऐक." तिने फोन आईजवळ नेला.

आई काहीतरी म्हणाली. एकच शब्द, छोटासा. मला वाटलं, यिलसारखा आणखी एक नवा.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं. "अर्थ विचार ना तिला."

बायकोने फोन आईपासून दूर नेला. मग म्हणाली, "थट्टा करू नकोस. असली थट्टा नको."

मी धावत घरी गेलो. बायकोने तो शब्द मला म्हणून दाखवला, कागदावर लिहून दिला. ते माझं टोपणनाव आहे, आईने ठेवलेलं, असं ती सांगते, आणि ती खोटं बोलणार नाही. मी रोज तो कागद काढून बघतो. अक्षरं स्वच्छ दिसतात, काना-मात्रेसकट. माझ्याकडे येणारी म्हातारी गिऱ्हाइकं म्हणतात ना, दिसतंय सगळं पण वाचता येत नाही, आणि मी त्यांना नवा नंबर काढून देतो. सांगितलं की मला पटतं. पण ऐकला की तो शब्द पुन्हा कुणा तिसऱ्याचा होतो. वर सोडलेल्या जागेत तो कागद बघून उतरवता आला असता. अर्थ कळल्याशिवाय नुसतं उतरवणं आईला चाललं नसतं.

आई दिवसभर खोलीतून हाक मारते. पूर्वीसारखी, लाडाने, मग चिडून, मग पुन्हा लाडाने. बायको येऊन मला हलवते, "अरे, तुला बोलावतायत," तेव्हा मी उठतो. हल्ली बायको हलवत नाही. ती आईच्या खोलीचं दार लावून घेते.

काल दुपारी मी आईसमोर बसलो. पट मांडलेला नव्हता, पिशवी मात्र टेबलावर होती. आईने माझा हात धरला आणि तो शब्द म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. ती मला ओळखत होती, एवढं मला दिसलं.

"अर्थ सांग," मी म्हणालो. मला खरंच हवा होता तो.

तिचे ओठ हलले. तिला सांगता येईना.

"बरं, मग दाखव."

तिने बोट उचललं आणि समोर केलं. ती कुणाकडे तरी दाखवत होती, म्हणून मी वळून पाहिलं. मागे भिंत होती, भिंतीजवळ खुर्ची होती.

"तिथे कुणी नाही गं आई," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बोट खाली घेतलं, माझा हात सोडला आणि पिशवी जवळ ओढली.

"बदली," ती म्हणाली.